पाठमोऱ्याचा हंगाम

“अरे मागे बघ! मेल्या, मागे बघ! पाठीला डोळे नाहीत काय रे तुझ्या?”

माईआत्या आढीच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहून ओरडत होती. एका हातात गलोल, दुसऱ्या हातात नुकताच उतरवलेला, देठाशी चीक चमकणारा आंबा. तिचा आवाज असा, की ती आमच्या बागेत ओरडली की भाट्याच्या पुळणीवर ओढून ठेवलेल्या होड्या आपोआप चार बोटं पाण्याकडे सरकायच्या. हा एवढा मोलाचा आवाज ती त्या दिवशी खर्च करत होती एका अंतराळातल्या शिपायावर. पंधरा इंची पडद्यात, कुठल्याशा लाल ग्रहावर, तो आमच्याकडे पाठ करून उभा होता.

शिपाई वळला. पण कसा, तर पेट्यांनी गच्च भरलेला टेंपो घाटातल्या वळणावर वळतो तसा. तो पुरता वळेपर्यंत मागून आलेल्याने आपलं काम उरकलं होतं. पडदा लाल झाला, मग काळा झाला.

“गेला,” आत्या म्हणाली, हातातला आंबा पेंढ्यावर ठेवला आणि माकडं हाकायला बागेत निघून गेली.

दरवर्षी हापूसची पहिली आढी लागते, घरभर पेंढ्याचा आणि पिकत्या फळाचा तो घट्ट, उबदार वास भरून राहतो, आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं. माझ्या मात्र उजव्या हाताचं पहिलं बोट शिवशिवायला लागतं. बायको म्हणते, डॉक्टरला दाखवा. डॉक्टरला काय सांगू? की आंब्याच्या वासाने मला बंदूक चालवावीशी वाटते? यंदाही तेच झालं. फळ उशिरा आलं, पण आलं. मी आढी परतत बसलो होतो आणि बोट आपलं पेंढ्यावर टक्‌टक्‌ करत होतं. माझी लेक बाजूला बसून मोबाइलवर कसलासा खेळ खेळत होती. तिच्या खेळात माणसाचं नाकसुद्धा हवं तसं करून मिळतं. तिने विचारलं, “बाबा, तुमचा तो जुना गेम नक्की कसा होता हो? चांगला की भिकार?”

आता हा प्रश्न झाला का? आंबा चांगला की वाईट हे फळ हातात घेऊन, देठाशी नाक नेऊन, उलटंसुलटं करून सांगायचं असतं. तेव्हा ऐका.

शतक नुकतंच बदललं होतं. माझी नववीची परीक्षा संपली होती आणि माझ्याकडे जगातला सगळा वेळ होता. दिनूकाका, म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, दरवर्षी मे महिन्यात डोंबिवलीहून आंब्याच्या कामाला यायचा. कामाला म्हणजे काम कसं करावं ते सांगायला. त्या वर्षी सोबत सुहासदादा होता, कॉलेजात जाणारा त्याचा मुलगा, आणि त्या दोघांच्या सोबत होता कॉम्प्युटर. मुंबईला आंबे पोचवून रिकाम्या परतणाऱ्या टेंपोतून तो आला होता, पेंढ्यात निजून, पेटीतल्या फळासारखा. दादा म्हणाला, सुटीत अभ्यासाला लागतो. काकाने विश्वास ठेवला. काका भोळा होता.

यंत्र ठेवायचं कुठे? घरात तीन पिनांचं सॉकेट एकाच खोलीत होतं, आणि ती खोली आढीची. मग काय, डावीकडे पेंढ्यात तीनशे हापूस, उजवीकडे चारशे, मधल्या पायवाटेवर टेबल, टेबलावर कॉम्प्युटर. आत्याने पहिल्याच दिवशी त्या डब्याच्या पाठीवर हात ठेवून पाहिला आणि म्हणाली, “बरी ऊब आहे हो ह्याला.” दुसऱ्या दिवशी दादा आत गेला तर यंत्राच्या डोक्यावर पेंढा, पेंढ्यात डझनभर आंबे आणि वर गोणपाट. दादा किंचाळला. आत्या म्हणाली, “ओरडतोस काय? एक तर दिवसभर नुसतं गुरगुरत बसतंय, तेवढंच घरच्या कामाला आलं.” ते डझनभर आंबे बाकीच्या आढीपेक्षा दोन दिवस आधी पिकले. खरं म्हणजे एक दिवस, पण मी सांगताना दोनच सांगतो.

त्या खेळाचं नाव मला आजही माहीत नाही. दादाने कुणाकडून तरी उतरवून आणलेली सीडी होती, वर काळ्या शाईने नाव लिहिलेलं. पहिल्याच आठवड्यात तिच्यावर आंब्याचा चीक सांडला. आंब्याचा चीक म्हणजे काय हे ज्याच्या ओठाला लागलाय त्यालाच ठाऊक. तो कातडी सोलतो, तिथे शाईची काय कथा. नाव गेलं. मग आम्ही त्याला “पाठमोरा” म्हणायला लागलो. कारण त्या शिपायाचं आम्हाला काय दिसायचं? पाठ. चालला तर पाठ, लढला तर पाठ, मेला तर पाठ वर करून पालथा. कानात कुणी साहेब त्याला इंग्रजीतून हुकूम सोडायचा आणि हा आपला निमूट पुढे. त्याच्या पाठीवरच्या पत्र्याच्या पेटीवर एक हिरवा दिवा होता, तोच त्याचा चेहरा, असं मी धरून चाललो होतो.

गुण आधी सांगतो, म्हणजे दोष सांगताना हात सैल सोडता येईल.

पहिली गोष्ट म्हणजे ती जमीन. खेळ करणारे लोक कुठल्या देशातले मला माहीत नाही, पण त्यांच्यातला एक तरी उन्हाळ्यात रत्नागिरीच्या सड्यावर अनवाणी चाललेला असणार, यावर मी माझी बाग लावायला तयार आहे. लाल, जांभा दगडाची, भोकाभोकांची जमीन. दूरवर एखादं वाळकं झुडूप. आणि उन्हाने वरची हवा अशी थरथरते की समोरची टेकडी पाण्यात बुडाल्यासारखी दिसते. दादा त्याला परग्रह म्हणायचा. मी म्हणायचो, अरे, हा तर आपला वरचा सडा. आणि खरंच, कुठे पाय घसरणार, कुठल्या खळग्यामागे माणूस लपेल, हे मला आधीच कळायचं. आणि त्या शिपायाच्या पावलांचा आवाज! कातळावर वेगळा, रेतीत वेगळा, पत्र्याच्या जिन्यावर वेगळा. पळून पळून दमला की त्याला धाप लागायची, आणि मारामारी संपली की नुसता वारा वाहायचा. कितीतरी वेळ नुसता वारा. दादाला तो भाग कंटाळवाणा वाटे. मला वाटे, हीच खरी करामत. दुपारी बागेत माकडांची टोळी हाकलून दिल्यावर जी शांतता पडते ना, पान हललं तरी छाती धडधडते, ती त्यांनी बरोबर पकडली होती.

आणि त्याच्या मागे उभं राहून बघण्याची गंमत वेगळीच. जे त्याला दिसत नाही ते आपल्याला दिसतं. म्हणून तर आत्या ओरडायची. शिपायाच्या डोळ्यांतून बघायचं असतं तर ती कशाला ओरडली असती? पाठमोऱ्या माणसाची काळजी वाटते. समोरून बघितलं तर तो लढवय्या दिसला असता. मागून तो आपला कुणीतरी वाटायचा, एकटा निघालेला.

आता दोष. एक म्हणजे त्याच्यामागून बघणारा तो अदृश्य डोळा. शिपाई भिंतीला टेकला रे टेकला की हा डोळा भिंतीत शिरायचा आणि आम्हाला दिसायचं काय, तर विटांचं आतडं. शत्रू समोर, शिपाई मरतोय, आणि आम्ही भिंतीच्या पोटात. दुसरं म्हणजे सोबतीचे दोन शिपाई. दादा त्यांना त्यांच्या इंग्रजी नावांनी बोलवायचा. आम्ही त्यांना “पाहुणे” म्हणायचो, कारण ऐन गडबडीच्या वेळी येऊन नेमके दारात उभे राहायचे. दाराबाहेर राक्षस, दाराआत मी, आणि दारात हे दोघे एकमेकांची विचारपूस करत. तिसरा दोष असा की अख्खा टप्पा पार केल्याशिवाय खेळ आपली हजेरी मांडून घेत नसे. टप्पा पाऊण तासाचा, आणि आमची लाईट! पाऊण तास सलग लाईट हा आमच्याकडे तेव्हा सण होता. वारा आला, माडाचं झाप तारेवर पडलं, की गेली. आल्यावर पुन्हा पहिल्यापासून.

पण सगळ्यात मोठा दोष म्हणजे त्याची बंदूक. शेवटच्या टप्प्यात त्याला एक मोठी बंदूक मिळायची. दादा तिची स्तुती करताना उभा राहायचा. ती बंदूक गोळी मारत नसे, हिरव्या रसाचा गोळा फेकायची. आणि तो गोळा जायचा कसा? सावकाश. कमान घेऊन वर, मग खाली. मी एकदा गोळा सोडून, बाहेर जाऊन, पाणी पिऊन परत आलो तेव्हा तो पोचत होता. तोवर समोरचा राक्षस कुठे जागेवर असायचा? शेवटचा राक्षस तर हुबेहूब कुर्ली, म्हणजे आमचा खेकडा. दोन मजली घराएवढी, आठ पायांची, आडवी पळणारी. तिच्या पोटाखाली निळा दिवा होता, त्यावर बारा गोळे बसले की खलास. दादा सहा महिने झटत होता. त्याची बोटं अशी चालायची की कळफलकातून धूर निघे. पण त्याची मजल बारातल्या चारांपुढे कधी गेली नाही.

एके दिवशी जेवताना काकाने शब्द टाकला. हंगामाचा शेवटचा टेंपो पाच दिवसांनी निघायचा होता, आणि त्यातच कॉम्प्युटर परत डोंबिवलीला जायचा होता. काकाने गफूरभाईंना, म्हणजे टेंपोवाल्यांना, सांगून त्याच्यासाठी जागा राखून ठेवली होती, चांगली सहा पेट्यांची.

आत्याचा हात ताटात थांबला. “सहा पेट्यांची? दिनू, माझ्या टेकडीवरच्या कलमाचं फळ शेवटी उतरतं ते ठाऊक आहे ना तुला? बरोबर सहा पेट्या भरतात त्याच्या. त्या काय मी डोक्यावर घेऊन जात्ये वाशीला?”

“माई, अगं किमती यंत्र आहे ते.”

“आणि माझे आंबे काय रानातले काजूचे बोंडू आहेत?”

“जागा दिलेली आहे,” काका म्हणाला. मग माझ्याकडे वळला. माझं तोंड इतकं पडलेलं होतं की त्याला दया आली असावी, किंवा चेष्टा करावीशी वाटली असावी. “काय नंदोबा, ठेवून घ्यायचाय कॉम्प्युटर? तसाही ह्याला पुढच्या वर्षी नवा घ्यावाच लागणार. तुझा तो पाठमोरा शेवटपर्यंत नेऊन दाखव टेंपो निघायच्या आत. यंत्र इथेच सोडून जातो. शब्द.”

दादा ठसका लागेपर्यंत हसला. “बाबा, मला सहा महिने जमलं नाही. हा काय करणार, आंबे फेकून मारणार?”

दादाने गंमत केली होती. पण सांगून ठेवतो, कोकणात जेवताना गंमत फार सांभाळून करावी. ती खरी व्हायला बसलेली असते.

तीन दिवस मी लढलो. कॉम्प्युटर जाणार या विचाराने माझ्या घशाखाली आमरस उतरत नव्हता, अहो, आमरस! मी दिवसाला सोळा वेळा मेलो. त्यातल्या पाच वेळा लाईटने मारलं, चार वेळा पाहुण्यांनी, आणि उरलेल्या वेळा त्या रडक्या हिरव्या गोळ्याने. चौथ्या दिवशी दुपारी मी टेबलावर डोकं टेकून बसलो होतो. आत्या आढी परतायला आली. थोडा वेळ माझ्यामागे उभी राहून तिने दादाचा एक डाव पाहिला. दादा आपला मला शिकवायला म्हणून खेळत होता. कुर्ली डावीकडे, दादाचा गोळा डावीकडे. गोळा पोचेपर्यंत कुर्ली उजवीकडे.

“सुहास,” आत्या म्हणाली, “तू ती दिसते तिथे मारतोस.”

“मग कुठे मारू, दिसत नाही तिथे?”

“होय तर. दिसणार आहे तिथे.”

आता इथे तुम्हाला आत्याच्या राखणीबद्दल सांगायला हवं. पंचवीस हंगाम ती बाई त्या बागेत गलोल घेऊन फिरली. वानरांनी आपल्या पोरांना झोपवताना तिचं नाव घेतलं असेल. पण तिने कधी एका वानराला दगड लागू दिला नाही. त्याचं शास्त्र होतं. माकड फांदीवर आहे तिथे दगड मारायचा नाही, कारण दगड पोचेपर्यंत ते उडालेलं असतं आणि दगड आंब्यावर बसतो. ते ज्या फांदीवर उडी टाकणार त्या फांदीच्या पानांत मारायचा. म्हणजे उडी टाकता टाकता समोर पानं फाटतात आणि ते हवेतच विचार बदलतं. आत्या म्हणायची, “त्याला लागता कामा नये. पण लागणार होतं हे त्याला कळलं पाहिजे.” हे वाक्य मी पुढे आयुष्यात अनेक ठिकाणी वापरलं, पण तो वेगळा विषय.

“पण कुठे पळणार हे कसं कळायचं?” मी म्हटलं.

आत्याने चष्मा पुसला आणि पडद्याच्या जवळ गेली. “अरे, कुर्लीच ना ती? ज्या अंगाला पळायचं त्या अंगाची नांगी आधी उचलत्ये बघ. समुद्राकाठी खडपात पकडायला गेला नाहीस कधी?”

दादाने पाहिलं, मी पाहिलं. सहा महिन्यांत दादाला जे दिसलं नव्हतं ते ती ओल्या हातांनी, कंबरेला पदर खोचून, एका नजरेत बघून मोकळी झाली होती. नांगी वर, पळ. नांगी वर, पळ.

तेव्हा ठरलं की पाय मी चालवायचे, म्हणजे कळफलकावरून, आणि नेम आत्याने धरायचा. हा निर्णय भव्य होता. पहिला प्रयत्न तितकासा नव्हता. आत्याने तो माऊस मुठीत धरला, एक डोळा मिटला, आणि गलोलीचं रबर ताणावं तसा तो सरळ छातीकडे ओढून सोडला. शिपायाने आपल्याच पायावर गोळा घातला आणि तो कायमचा गेला.

“आत्या, ओढायचं नाही गो! पुढे ढकल, पुढे! म्हणजे नेम वर जातो.”

“पुढे ढकलून कुणी नेम धरतो काय रे शिंच्या? रबर मागेच ताणतात.”

दहा वेळा सांगितलं, दहा वेळा तिने मागेच ओढलं. पंचवीस वर्षांचा हात होता तो, पंचवीस मिनिटांत उलटा होणार नव्हता. मी वैतागून त्या खेळाच्या मांडणीत शिरलो आणि इंग्रजीतल्या दिसेल त्या चौकोनात खुणा करत सुटलो. एका खुणेने आवाज गेला, तो परत आणला; एकीने पाहुण्यांचे कपडे बदलले. आणि एका खुणेनंतर आत्याने माऊस छातीकडे ओढला तर शिपायाची बंदूक वर गेली! उलटं झालं होतं. थोडं ओढलं तर थोडी वर, जास्त ओढलं तर जास्त वर. आणि जितकी वर, तितका तो हिरवा गोळा लांब जाऊन पडायचा. म्हणजे गलोलच झाली ती. आत्याने तीन गोळे टाकून अंदाज घेतला. चौथा तिने समोरच्या खडकाच्या शेंडीवर ठेवला, फळ ठेवावं तसा.

“जरा जड आहे,” ती म्हणाली. “पण दगड चांगला आहे.”

इथे मला गुणदोषांचं सगळं गणित पुन्हा मांडावंसं वाटतं. ज्या बंदुकीला आम्ही तीन दिवस शिव्या घातल्या, ती मुळात चुकीच्या हातात होती. दादाला वेग हवा होता, बंदुकीला धीर हवा होता. खेळातला दोष म्हणून आपण जे म्हणतो, ते कधीकधी आपल्या अंगातलं न्यून असतं. भिंतीत शिरणारा डोळा मात्र खरोखरच दोष होता, त्याला क्षमा नाही.

पाठमोरी माणसं, मला वाटतं, आमच्याकडे पुरेशी होती, म्हणून तो खेळ आम्हाला इतका घरचा वाटला. कलमावर चढलेला गडी खालून बघितला तर पाठमोराच. वर फांद्यांत त्याचे तळवे आणि पाठ, आणि झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, खुडलेला एकेक आंबा खाली येतो. एसटीत चढणारा चाकरमानी पाठमोरा. खळ्यातून सड्याकडे जाणारी आत्या, खांद्यावर गलोल, पाठमोरी. समोर बसून गप्पा मारलेल्यांचे चेहरे विसरायला होतात, पण कोण कसं चालत गेलं ते लक्षात राहतं. आता लेकीच्या खेळात नाक हवं तसं मिळतं, आणि माझी तक्रार नाही; पण तिला मी विचारलं, तुझा माणूस मागून ओळखशील? ती म्हणाली, “बाबा, आंबे परता.”

तर शेवटचा दिवस. दुपारी टेंपो खळ्यात लागला. बाबा आणि गडी पेट्या चढवत होते. टेकडीवरच्या कलमाच्या सहा पेट्या, आत्याने स्वतः भरलेल्या, पडवीत एका बाजूला रांगेने उभ्या होत्या. त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. गफूरभाई बाहेरून हाका मारत होते, “यंत्र आणा हो, दोरी बांधायची आहे.” काका आढीच्या खोलीच्या दारात घड्याळ बघत उभा. दादा खुर्चीमागे. त्या दिवशी लाईट गेली नाही. का गेली नाही ते मला माहीत नाही. एवढंच सांगतो की सकाळी आत्या आमच्या भागातल्या वायरमनच्या आईची तब्येत विचारायला गेली होती, आणि तब्येत विचारायला ती कधी रिकाम्या हाताने जात नसे.

आम्ही निघालो. पाहुण्यांचं काय करायचं तेही ठरलं होतं. शेवटच्या टप्प्याआधी पत्र्याचा एक पाळणा खाली जातो. पाहुणे दारात विचारपूस करत असताना मी उडी मारून पाळण्यात शिरलो आणि कळ दाबली. ते वरच राहिले. आजही तिथेच असतील, एकमेकांना घरचं कसं काय विचारत.

खाली लाल सडा. वारा. मग जमीन हादरली आणि कुर्ली निघाली.

“डावी नांगी,” मी म्हटलं.

“दिसत्ये मला. तू पाय बघ.” आत्याने माऊस ओढला. गोळा सुटला, रिकाम्या जागेकडे. दादा सवयीने म्हणाला, “चुकला.” कुर्ली पळाली, जिथे पळायची तिथे पळाली, आणि गोळा तिची वाट बघतच होता. एक!

दोन. तीन. चार, आणि चारानंतर दादा हसायचा थांबला. पाचव्याला गफूरभाई हॉर्न वाजवायला लागले. सहाव्याला कुर्लीने आमच्या शिपायाला असं फेकलं की मला वाटलं तो पडद्यातून आढीत येऊन पडणार. त्याची धाप लागलेली ऐकू येत होती आणि माझीही. मी त्याला खडकाआड पळवला, पण भिंतीला टेकू दिला नाही. सात. आठ. बाहेर हॉर्न, आत आत्याचं पुटपुटणं, “ये बाय ये, टाक उडी, टाक.” नववा हुकला. पाठीवरचा हिरवा दिवा लाल होऊन लुकलुकायला लागला. नववा पुन्हा. दहा. आणि मग दादा, सहा महिने हरलेला माझा चुलतभाऊ, खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून ओरडला, “आत्या, उजवी! उजवी उचलते आहे! नंद्या, पळ ना गाढवा!”

अकरा.

“सावकाश,” आत्या म्हणाली. कुणाला म्हणाली, माहीत नाही. तिने माऊस ओढला, ओढला, पार छातीच्या हाडापर्यंत आणला. एक डोळा मिटला. कुर्लीच्या दोन्ही नांग्या एकदम वर गेल्या.

“आता?” मी किंचाळलो. “आत्या, आता कुठे पळणार?”

“कुठे पळत्ये? आता ती अंगावर येणार.” आणि तिने सोडला.

कुर्ली मधोमध उडी टाकून आली आणि तो गोळा तिच्या पोटाखाली असा जाऊन बसला जसा आंबा झेल्यात बसतो. पडदा पांढरा झाला. आम्ही जो आरडाओरडा केला त्याने आढीतले कच्चे आंबे पिवळे झाले, गड्याच्या हातून रिकामी पेटी पडली, आणि पूर्णगडच्या किल्ल्याचा जो एक चिरा ढासळलाय तो त्याच दिवशी ढासळला असं माझं मत आहे. मी दादाला मिठी मारली, दादाने मला उचललं, आम्ही दोघे पेंढ्यात पडलो आणि निदान चाळीस हापूस चेपले. त्याबद्दल नंतर बोलणी खाल्ली, पण नंतर.

“थांबा थांबा, तो वळतोय!” दादा ओरडला.

शिपाई वळत होता. तसाच, भरल्या टेंपोसारखा. डोक्यावरचं शिरस्त्राण त्याने दोन्ही हातांनी काढलं आणि पहिल्यांदा, महिनाभर पाठ बघितल्यानंतर, आम्हाला त्याचं तोंड दिसलं. त्याला मिशी होती. साधी, कारकुनी, जरा डावीकडे झुकलेली मिशी, आणि डोळ्यांखाली झोप न झाल्याची वर्तुळं. तो आमच्याकडे बघून जरासा हसला आणि खेळ संपला. दादा म्हणाला, सहा महिने ह्यासाठी? एवढाच शेवट? शेवट तोकडा होता, हा दोष मी मान्य करतो. पण मला तो चेहरा फार आवडला. आपल्यातलाच निघाला.

खाली इंग्रजीत टप्पा पूर्ण झाल्याची अक्षरं आली. काकाने चष्मा लावून ती दोनदा वाचली. मग चष्मा काढला, बहिणीकडे बघितलं, आणि खळ्यात गेला. आम्ही सगळे मागोमाग.

“गफूरभाई,” काका म्हणाला, “यंत्र नाही जात. इथेच राहतंय.”

गफूरभाई दोरी हातात घेऊन उभे होते. तीन तास त्यांनी ती जागा रिकामी ठेवली होती. ते जरा तापलेच. “अहो, मग आता ह्या जागेत घालू काय?”

आत्या पडवीत पहिल्या पेटीवर हात ठेवून उभी होती.

“आंबे,” ती म्हणाली.